उपग्रहाला शेंग दिसत नाही

दुष्काळ ठरवताना पावसाच्या आकड्याबरोबर आता उपग्रहाचाही आकडा बघतात. निरोगी पान तांबडा उजेड शोषून घेतं आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड परत फेकतं. पान सुकू लागलं की हे प्रमाण बदलतं. त्यावरून हिरवेपणाचा आकडा काढून मागच्या वर्षांच्या त्याच दिवसांशी ताडतात. पण बांधावरची वेडी बाभूळही हिरवी, अन् शेंगा न भरलेलं सोयाबीनही हिरवंच! म्हणून तर केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत शेतात जाऊन पाहणी करायला सांगितलंय, तीही तालुक्यातल्या १० टक्केच गावांत. आपलं गाव त्यात आलं, तर त्या दिवशी बायांनीही शेतावर हजर राहा. शेंगा सोलून दाखवा.