मेमरी कार्डचे कुलूप

घरी टेपरेकॉर्डरची जुनी कॅसेट असेल तर काढून पाहा. तिच्या मागच्या कडेला दोन लहान प्लास्टिकच्या पट्ट्या दिसतील. पट्टी मोडली की त्या बाजूवर नवे ध्वनिमुद्रण होत नाही. पण मोडल्याने फितीत काय बदलले? काहीच नाही! टेपरेकॉर्डरमधला एक खटका पट्टी आहे की नाही हे चाचपतो, आणि नसेल तर मुद्रणाचे बटण दाबू देत नाही. खाचेवर चिकटपट्टी लावा, खटका फसतो.

एसडी कार्डच्या कडेची सरकती खुंटी याच जातीची. कार्डच्या आतील मंडलाशी तिचा संबंध नसतो. कार्ड ज्या खोबणीत बसते तिच्यातील स्पर्शक खुंटीची जागा ओळखतो, आणि लिहायचे की नाही हे यंत्र ठरवते. आमचा एक विद्यार्थी अकोल्याला घराच्या गच्चीवर मे महिन्यातील तापमान नोंदवत होता. अमरावतीला येऊन त्याने खुंटी सरकवलेले कार्ड एका स्वस्त वाचकयंत्रात घातले. त्यात तो स्पर्शकच नव्हता! चुकीचा हुकूम गेला आणि नऊ दिवसांच्या नोंदी पुसल्या. गेलेला मे काही परत येत नाही.

कार्ड स्वतः पाळते अशी लेखनबंदी निराळी. त्याच्या आत माहितीची एक नोंदपट्टी असते. तिच्यातील एक बिट तात्पुरत्या बंदीचा, दुसरा कायमच्या. दुसरा एकदा १ केला की पुन्हा ० होत नाही, म्हणून गंमत म्हणून त्याला हात लावू नका.

पुढे आम्ही मूळ कार्ड कपाटात ठेवले, त्याची प्रत घेतली आणि कार्डचे सोंग घेणारा प्रोग्रॅम लिहिला. नोंदयंत्राला वाटावे, समोर खरेच कार्ड आहे. वाचन सोपे, खरी परीक्षा लिहिण्याच्या वेळी. साध्या एसपीआय पद्धतीत यंत्र ५१२ बाइटांचा ठोकळा पाठवते आणि कार्ड तीन बिटांत उत्तर देते: ०१० म्हणजे स्वीकारले, ११० म्हणजे लिहिता आले नाही. आमच्या तोतयाने प्रतीला हात लावला नाही, पण उत्तर मात्र ०१० दिले. नकारापेक्षा हा खोटा होकार वाईट. संगणकावर तर तो लवकर कळतही नाही, कारण संगणक बराच वेळ आपल्याच स्मृतीतील प्रत दाखवत राहतो. तेव्हा ठोकळा लिहा, वीज बंद करा, पुन्हा सुरू करून वाचा आणि ताडून पाहा.

आम्ही तसे केले तेव्हा चूक सापडली. आता तोतया बंदीचा बिट १ दाखवतो, तरीही कोणी लिहू लागले तर ११० सांगतो, आणि नोंदयंत्राचा लाल दिवा लागतो.