हत्तीच्या पाठीवर घड्याळ, पोटावर झ्यूस!

वीतभर उंचीचा हत्ती. अंबारीच्या जागी घड्याळ आणि पोटावर चक्क बैल होऊन युरोपा राजकन्येला पळवणारा ग्रीक देव झ्यूस! १९व्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिएन्नाच्या कारागिरांनी असल्या मीनाकारीच्या चिजांचा धडाकाच लावला होता. हर्मन बोम, हर्मन रॅट्झर्सडॉर्फर ही त्यातली नावाजलेली मंडळी. एवढ्या चित्रांच्या गर्दीत तबकडी आधी शोधावी लागते. पण वेळ बघायला ही घड्याळं घेत होतं कोण?

मीना म्हणजे दुसरं-तिसरं काही नाही, काच. तिची पूड तांब्यावर किंवा चांदीवर पसरायची आणि साधारण ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत सरकवायची. आजीकडचा निळ्या काठाचा, पांढरा इनॅमलचा मग आठवतोय? टवका उडाला की खालचं काळं लोखंड दिसायचं, तोच! तत्त्व अगदी तेच. तो लोखंडावरचा म्हणून फडताळात, हा हत्ती चांदीवरचा म्हणून काचेच्या कपाटात.

रंगांची गंमत तर आणखी वेगळी. निळा येतो कोबाल्टमुळे, हिरवा तांब्यामुळे आणि झकास गुलाबी हवा असेल तर सोनं लागतं! जास्त आच सोसणारे रंग आधी भाजायचे, नाजूक रंग शेवटी. त्यामुळे एकच चित्र पुन्हा पुन्हा भट्टीत जातं आणि दर खेपेला कारागिराच्या जिवाची घालमेल. शिवाय पत्र्याच्या मागच्या बाजूलाही मीना द्यायचा, नाहीतर थंड होताना पत्रा वाकतो. म्हणजे कुणाला कधीच दिसणार नाही त्या बाजूलाही तेवढीच मेहनत.

घड्याळावर ग्रीक पुराणातला कोण शोभेल? काळाचा देव क्रोनोस, अर्थात! पण नावाच्या घोळात त्याची सरमिसळ झाली ती झ्यूसच्या बापाशी, पोटची पोरं गिळणाऱ्या क्रोनसशी. पाश्चात्त्य चित्रांतल्या दाढीवाल्या काळपुरुषाच्या हातात विळा दिसतो, तो याच बापाचा. काळ सगळ्यांना गिळतो, हे मात्र दोघांनाही लागू.

प्राण्यांची घड्याळं व्हिएन्नाच्याही आधीची. १७व्या शतकात जर्मनीतल्या ऑग्सबर्गला सिंहाची घड्याळं बनत. डोळे यंत्राला जोडलेले, त्यामुळे सिंह दिवसभर डावीकडे-उजवीकडे बघत बसायचा. ठोके पडताना जबडाही उघडायचा. पाहुण्यांची पोरं घाबरत असणार!

आता विकत घेणाऱ्यांसाठी एक कानगोष्ट. मीन्याचा टवका उडाला तर पुन्हा भट्टीत घालणं जोखमीचं, आजूबाजूचं चित्र आणि सांधेही वितळायची भीती. म्हणून दुरुस्ती बहुधा राळ आणि रंगाने, थंडच होते. नुसत्या डोळ्यांना पत्ता लागत नाही. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च मारा. सोंडेचं टोक किंवा कानाची कड वेगळीच चमकली, की भाव करायला तोंड उघडा.