जुना फोन आणि शेतांतील नोंद

पुणे-नाशिक रस्त्यालगत, जुन्नर तालुक्यांत आळे हें गांव आहे. ज्ञानेश्वरांनीं ज्याच्या मुखीं वेद वदविले असें परंपरा सांगते, त्या रेड्याच्या समाधीमुळें तें वारकऱ्यांस, आणि आळेफाट्यावरील कांद्याच्या बाजारामुळें व्यापाऱ्यांस परिचित आहे. अशा गांवांतूनच मुंबई-पुण्याचीं पुष्कळ घरें निघालीं. शहरांत नवा फोन आला कीं जुना, मध्यम किमतीचा फोन गांवाकडील वडीलधाऱ्यांस दिला जातो. ‘अजून चांगला चालतो’ असें देतांना सांगतात. पण त्याची खरी परीक्षा शेताच्या बांधावर होते.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ राज्यभर सुरू झाली. पूर्वीं तलाठी करीत असे ती पिकाची नोंद शेतकऱ्यानें शेतांत उभें राहून, छायाचित्रासह आपल्या फोनवरून करावी, अशी ही योजना. नोंद राहिली तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाहीं, आणि पीककर्ज, विमा किंवा नुकसानभरपाई यांच्या वेळीं अडचण येते. म्हणून फोनच्या नित्याच्या तक्रारींचीं कारणें समजून घेणें अगत्याचें आहे.

पहिली तक्रार जागेची. फोनवर ६४ जीबी लिहिलेलें असलें तरी त्यांतील बराच भाग यंत्रणेनेंच व्यापलेला असतो. उरलेला भाग सुप्रभातचीं चित्रें आणि लग्नांच्या चित्रफिती भरून टाकतात. मग नवें छायाचित्र साठत नाहीं व ॲपहि अद्ययावत होत नाहीं.

दुसरी तक्रार बॅटरीची. लिथियमच्या बॅटरींत प्रत्येक भरण्या-उतरण्यागणिक थोडें लिथियम विद्युदग्रावरील पापुद्र्यांत अडकून निकामी होतें. उष्णतेनें हा क्षय वाढतो. शिवाय अंतर्गत रोध वाढतो. त्यामुळें कॅमेरा व स्थाननिश्चिति एकदम चालूं होतांच दाब खालावतो, आणि वीस टक्के शिल्लक दाखविणारा फोन अकस्मात् बंद पडतो.

तिसरी तक्रार, ‘लोकेशन सांपडत नाहीं’. सुमारें २०,००० किलोमीटर उंचीवरील निदान चार उपग्रहांचे संकेत फोनला मिळावे लागतात. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदास अवघ्या ५० बिट या मंद गतीनें पाठवितो. ती पुरी मिळण्यास सुमारें अर्धें मिनिट लागतें. शहरांत हीच माहिती इंटरनेटवरून तत्काळ येते. रेंज नसलेल्या शेतांत ती आकाशांतूनच गोळा करावी लागते. फोन अडकला असें समजून माणूस ॲप वारंवार बंद करतो, आणि गोळा होत असलेली माहिती अर्धवट राहते.

तेव्हां फोन गांवीं पाठविण्यापूर्वीं तो रिकामा करावा व बॅटरी थकली असल्यास बदलून घ्यावी. कंपन्या कांहीं वर्षांनीं जुन्या फोनची अद्ययावत प्रणाली बंद करतात. म्हणून पाहणीचें ॲप त्यावर चालतें कीं नाहीं, हेंहि घरींच पाहावें. आणि वडीलधाऱ्यांस एवढें सांगावें कीं झाडाखालीं न थांबतां उघड्यावर उभें राहावें, दोन-तीन मिनिटें वाट पाहावी, आणि नोंदीचें काम मुदतीच्या शेवटच्या दिवसावर ठेवूं नये.