दोषापूर्वी कारण शोधू या

मूल होत नाही म्हटले, की दोष बाईच्या माथी मारण्याची रीत आमच्या वस्त्यांतूनही अद्याप गेलेली नाही. म्हणून शरीरातील एक प्रक्रिया समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अंडाशयात स्त्रीबीज द्रवाने भरलेल्या पुटिकेत वाढते. ते परिपक्व होताच मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ‘एलएच’ हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात सोडते. त्यानंतर साधारण ३६ तासांत पुटिका फुटून बीज बाहेर पडते. ती फुटण्यासाठी पुटिकेतच तयार होणारी संप्रेरकसदृश द्रव्ये, म्हणजे प्रोस्टाग्लँडिन, आवश्यक असतात. ही द्रव्ये प्रथम वीर्यात आढळल्याने स्वीडनचे उल्फ फॉन ऑयलर यांनी १९३५ साली पुरुषाच्या प्रोस्टेट ग्रंथीवरून त्यांना हे नाव दिले. पुढे ती स्त्रीपुरुष दोघांच्याही शरीरात सर्वत्र आढळली.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या या द्रव्यांची निर्मिती रोखतात. बीज सुटण्याच्या दिवसांत त्या रोज घेतल्यास, पाळी नियमित येऊनही पुटिका न फुटण्याची शक्यता असते. गोळ्या थांबवल्यावर हा परिणाम सहसा ओसरतो. म्हणून कंबरदुखीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्यांविषयीही डॉक्टरांना सांगावे, आणि तपासणी पतिपत्नी दोघांची व्हावी. ‘वांझ’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी कारण शोधणे, हीच आमच्या मते शिक्षणाची खरी खूण होय.