मोठ्या संख्या: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

२०११च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ भरली. इंग्रजी अहवालांत तीच १,१७७,३४५ अशी छापलेली दिसते आणि या दोन वेगळ्या संख्या आहेत असा समज होतो. स्वल्पविराम फक्त वाचण्याच्या सोयीसाठी असतो. आपल्याकडे उजवीकडचे तीन अंक सोडून पुढे दोन-दोनांचे गट पाडतात, आंतरराष्ट्रीय पद्धतीत तीन-तीनांचे. किंमत ठरते ती अंकाच्या स्थानावरून. याच संख्येत सात दोनदा आला आहे. डावीकडचा सत्तर हजारांचा, त्याच्या शेजारचा सात हजारांचा.

‘शून्याला किंमत नाही’ हा समज सर्वांत जास्त घात करतो. ‘अकरा लाख पाच’ लिहायला सांगितले की काही मुले आधी ११००००० लिहितात आणि पुढे ५ जोडतात. होते ते १,१०,००,००५, म्हणजे एक कोटी दहा लाख पाच! बरोबर उत्तर ११,००,००५. रिकाम्या स्थानाची जागा शून्य धरून ठेवते, म्हणूनच बाकीचे अंक आपापल्या घरात राहतात. फळ्यावर एकक-दशकाची घरे आखून संख्या मांडली की ही चूक मुलांना स्वतःच दिसते.

लाख, कोटी, अब्ज हे जवळजवळचे टप्पे वाटतात. प्रत्यक्षात प्रत्येक टप्पा आधीच्याच्या शंभरपट आहे. एक लाख सेकंद म्हणजे साधारण २८ तास, एक कोटी सेकंद म्हणजे ११६ दिवस आणि एक अब्ज सेकंद म्हणजे जवळजवळ ३२ वर्षे. औंढा नागनाथ तालुक्यातील लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. त्याचा खर्च कुठे २,६०० कोटी, तर कुठे २६ अब्ज रुपये असा वाचायला मिळतो. रक्कम एकच, कारण शंभर कोटींचा एक अब्ज होतो.

मराठीतला खर्व आणि हिंदीतला खरब मात्र एक नव्हेत. खर्व म्हणजे दहा अब्ज, खरब म्हणजे शंभर अब्ज. त्याला मराठीत निखर्व म्हणतात.

परार्ध ही सर्वांत मोठी संख्या, असेही सांगितले जाते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थानांची नावे परार्धापाशी थांबतात हे खरे, परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. पण तिथे नावे संपतात, संख्या नाही. परार्धात एक मिळवला की त्याहून मोठी संख्या मिळते.