सातव्या नियमाची सवलत : परदेशातील क्रेडिट कार्डाचा मागोवा

भारतीय प्रवाशाने परदेशात वापरलेल्या क्रेडिट कार्डाचा इतिहास बँकांच्या कल्पकतेपेक्षा देशाच्या परकीय चलनसाठ्याशी अधिक निगडित आहे. 1960 च्या दशकात परदेशी निघालेल्या सामान्य भारतीयाला आठ डॉलरच्या आसपास रक्कम हाती घेऊन विमानात बसावे लागे, आणि त्याआधी प्रवासाचे तिकीट काढण्यासाठीही 'पी फॉर्म' भरून रिझर्व्ह बँकेची मंजुरी मिळवावी लागे. पुढे 1973 चा परकीय चलन नियमन कायदा, म्हणजे 'फेरा', आला आणि परवानगीवाचून केलेला चलनव्यवहार फौजदारी गुन्हा ठरू लागला. 1980 मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाने आपले क्रेडिट कार्ड बाजारात आणले खरे. परंतु त्या आणि नंतरच्याही काळातील अनेक भारतीय कार्डांवर ती केवळ भारत व नेपाळ येथेच चालतील अशी सूचना छापलेली असे, त्यामुळे परदेशवारीत त्यांचा उपयोग जवळपास नव्हताच.

1991 च्या चलनसंकटानंतर धोरण पालटले. ऑगस्ट 1994 मध्ये भारताने चालू खात्यावरील परिवर्तनीयता स्वीकारली, म्हणजे व्यापार, प्रवास, शिक्षण अशा नित्याच्या कारणांसाठी रुपयांचे परकीय चलन करून घेण्यावरील निर्बंध तत्त्वतः सैल केले. आणि 1 जून 2000 पासून 'फेरा'ची जागा परकीय चलन व्यवस्थापन कायद्याने, म्हणजे 'फेमा'ने, घेतली. या कायद्याखालील चालू खात्यांच्या नियमावलीत खासगी प्रवासासाठी किती चलन न्यावे याची मर्यादा होतीच, मात्र तिच्या सातव्या नियमाने एक अपवाद केला होता: परदेशात असताना आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्डाने भागवलेल्या खर्चाला ही मर्यादा लागू होणार नव्हती. रोख रक्कम, प्रवासी धनादेश आणि पुढे आलेले फॉरेक्स कार्ड मोजले जाई, क्रेडिट कार्ड मात्र मोजले जात नसे. 2004 मध्ये व्यक्तीने परदेशी पाठवायच्या रकमेसाठी 25,000 डॉलरच्या वार्षिक मर्यादेची उदारीकृत विप्रेषण योजना ('एलआरएस') सुरू झाली. 2013 मध्ये रुपया घसरत असताना तिची तोवर 2,00,000 डॉलरपर्यंत गेलेली मर्यादा 75,000 वर आणली गेली, आणि 2015 पासून ती 2,50,000 डॉलर असून प्रवासखर्चही तिच्यातच धरला जातो. या साऱ्या चढउतारांत सातवा नियम अबाधित राहिला.

परवानगीचा प्रश्न असा सुटला, तरी खर्चाचा सुटला नाही. कार्ड देणारी बँक परकीय चलनातील खरेदीवर साधारणतः दोन ते साडेतीन टक्के अधिभार ('मार्कअप') आणि त्या अधिभारावर वस्तू व सेवा कर लावते. दुकानदाराने यंत्रावर रक्कम रुपयांत दाखवण्याची तयारी दर्शवली तर ती सोय वाटते. वस्तुतः त्या तत्क्षणी रूपांतराचा दर बहुधा ग्राहकाच्या तोट्याचा असतो, म्हणून बिल स्थानिक चलनातच चुकवणे शहाणपणाचे. ऑक्टोबर 2020 पासून नवी कार्डे केवळ देशांतर्गत वापरासाठी सुरू असतात आणि परदेशी वापर ग्राहकाने स्वतः चालू करून घ्यावा लागतो, याची आठवण अनेकांना परक्या विमानतळावरच होते.

16 मे 2023 रोजी अर्थ मंत्रालयाने सातवा नियम वगळला. डेबिट कार्ड मोजले जात असताना क्रेडिट कार्ड मोकळे राहणे विसंगत आहे, हा शासनाचा युक्तिवाद तर्काला धरून होता. परंतु त्याला टीसीएसची, म्हणजे व्यवहाराच्या वेळीच गोळा करून पुढे आयकरात वळत्या होणाऱ्या रकमेची, जोड मिळाली होती आणि तिचा दर 1 जुलैपासून 20 टक्के होणार होता. हा कर अंतिमतः परत मिळवता येत असला, तरी प्रवाशाचे पैसे मधले काही महिने अडकून पडणार असल्याने गदारोळ उठला. तीन दिवसांतच सात लाख रुपयांपर्यंतच्या कार्डखर्चाला सूट जाहीर झाली, आणि 28 जूनला, बँकांना व कार्डजाळ्यांना संगणकीय तयारीसाठी वेळ हवा असे कारण देऊन, संपूर्ण बदलच लांबणीवर टाकण्यात आला. ज्या खर्चाची मोजणी करण्याची यंत्रणाच सज्ज नव्हती, त्यावर अंमलबजावणीची तारीख आधी ठरवणे हा प्रशासकीय उतावळेपणाच म्हणावा लागेल. 'एलआरएस'खालील इतर अनेक प्रेषणांवर 20 टक्क्यांचा दर 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाला, आणि एप्रिल 2025 पासून त्याची उंबरठा रक्कम सात लाखांवरून दहा लाख रुपये झाली. क्रेडिट कार्डाविषयीची स्थगिती मात्र पुढील आदेशापर्यंत अशा शब्दांत, कोणतीही मुदत न देता जाहीर झाली होती.