माळ्यावरचं गाठोडं आणि पुण्याचे गोडे

मागच्या उन्हाळ्यात एका गावी हरभऱ्याचं बियाणं बघायला गेलो होतो. चुलीशेजारी मोडी कागदांचं गाठोडं सोडून ठेवलेलं. "सायेब, वाचता कुनालाच येत न्हाई, म्हनून पेटवनाला काढलंय," आजी म्हणाल्या. निम्मं जळून गेलं होतं. मला परशुराम कृष्ण गोडे आठवले.

गोडे यांचा जन्म १८९१ चा, कोकणातल्या देवरुखचा. १९१९ साली ते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत क्युरेटर, म्हणजे हस्तलिखितांचे सांभाळकर्ते झाले. सरकारी संग्रहातल्या हजारो पोथ्या तिथं आल्या होत्या. त्या राखणं, पोथीचा काळ ठरवणं यातच त्यांची हयात गेली. १९६१ साली ते वारले. मागं चारशेवर लेख ठेवून गेले.

आपल्याला त्याचं काय, असं म्हणाल. पण या माणसानं पोथ्यांतून मक्याचा इतिहास शोधला, तंबाखूचा शोधला. घोड्याला हरभरा कधीपासून घालतात, यावरही लिहिलं. जिलबीसुद्धा सोडली नाही. इसवी सन १४५० च्या सुमाराच्या एका जैन ग्रंथात तिचा उल्लेख त्यांनी दाखवला.

काळ कसा ठरायचा? पोथीच्या शेवटच्या पानावर नक्कल करणारा बहुधा शक किंवा संवत घालतो. तो नसेल, तर या पोथीत ज्या ग्रंथाचं नाव येतं तो आधीचा, आणि ज्या ग्रंथात या पोथीचं नाव येतं तो नंतरचा. दोन बांधांमध्ये शेत, तसा दोन सालांमध्ये ग्रंथ.

म्हणून सांगतो, दाणावैरणीचा साधा हिशेबही फेकू नका. मका अमेरिकेतून आला, १४९२ नंतर. तो तुमच्या शिवारात कधी पोचला, हे अशाच एखाद्या कागदावर असू शकेल.

घरात गाठोडं असेल तर कोरड्या हातानं सोडा, बोटाला थुंकी लावू नका. पानांचा क्रम मोडू नका, शेवटचं पान जपा. चिकटपट्टी लावू नका. धान्यात टाकायची पावडर तर मुळीच टाकू नका. स्वच्छ सुती फडक्यात बांधून कोरड्या जागी ठेवा आणि मोडी जाणणाऱ्याला दाखवा.

आजींनी उरलेलं गाठोडं परत माळ्यावर ठेवलंय. तुमच्या माळ्यावर काय आहे, ते आज बघाच.